शेवटची तीन कोणाची

१२ ऑगस्ट २०००, शनि.
हरीशभाईच्या रेकॉर्डिंगच्या दुकानातून अखेर 'सॉल्ट मंडे' भरून मिळाली. पेपर फर्नेस या परदेशी रॉक बँडचा तिसरा आल्बम. साठ मिनिटांची कोरी कॅसेट मीच नेऊन दिली होती. ओरिजिनल भाईकडे मुंबईहून कोणाच्या तरी बॅगेतून आलेली, कव्हर नाही, काही नाही. गाण्यांची नावं अख्ख्या गोंदियात कोणाला माहीत नाहीत. भाईने निळ्या पेनने 'पेपर फर्नेस ३' लिहिलं अन् हातात ठेवली.

दुकानासमोरच्या बाकावर नेहमीचे लोक. प्रमोद सायकलवरून उतरायच्या आधीच निकाल देऊन मोकळा. "काही नवीन नसन. ब्लॅक मिल रोडची नकल करते ते लोकं." म्हटलं अबे, ऐक तर आधी. म्हणे, "पयल्या दोन ऐकल्या ना. तेच गिटार, तसंच रडणं." ब्लॅक मिल रोड जुना बँड, मोठा बँड, मान्य. पण त्यांच्यानंतर कोणी गिटार हातात घ्यायचीच नाही काय?

१५ ऑगस्ट २०००
झेंडावंदन करून आलो अन् दिवसभर कॅसेट. ए साईडला पाच गाणी. बरी. खरं सांगायचं तर प्र. (प्रमोद, रोज पूर्ण लिहून हात दुखते) बरोबर बोलला, पाचही ब्लॅक मिल रोडच्या घरची. बी साईडची पहिली दोन, तीच गत. मग एक लांब शांतता. अन् त्यानंतरची तीन!

बाप रे. हे काय आहे? गिटार जवळपास नाहीच. गवय्या गात नाही, बोलल्यासारखा पुटपुटतो. ड्रम अंगावर धावून येतो. तिन्ही तीन-चारदा ऐकली, तरी आवडली की भीती वाटली ते समजून नाही राहिलं. बाबूजी ओसरीतून ओरडले, मोटर जळून राहिली काय म्हणून.

१९ ऑगस्ट २०००, शनि.
नावं नाहीत तर आम्हीच ठेवली. आठवं 'पंप', कारण मोटरपंप सुरू झाल्यासारखं सुरू होते. नववं 'खोकला', गवय्या आधी खोकलते. दहावं 'लांबडं', संपतच नाही. भाईने माझ्याच कॅसेटवरून बाकावरच्या सगळ्यांना भरून दिली आहे. चौकात आता 'खोकला ऐकला काय' म्हणून विचारतात. पानवाला म्हणे, दवाई घ्या.

माझा मुद्दा असा: सात गाणी हा बँड दुसऱ्याच्या सावलीत आहे. मग शांतता. मग तीन गाणी स्वतःची. म्हणजे एकाच आल्बममध्ये आपल्या गुरूला सोडून दिलं. इतकी हिंमत कोणत्या बँडने दाखवली? अन् नागपूरहून येणाऱ्या मासिकात या आल्बमला एक ओळ नाही. अन्याय आहे हा.

२ सप्टेंबर २०००, शनि.
प्र. आज वेगळंच बोलला. कॅसेट दोनदा ऐकली, डोळे मिटून. मग म्हणे, "योगू, शेवटच्या तिनात ड्रमर दुसरा हाय."
"कशावरून?"
"पयला मागे राहून वाजवते. हा पुढे पळते. अन् हा डावखुरा हाय."
सगळे हसले. आवाजावरून डावा-उजवा! मी पण हसलो. तो नाही हसला. म्हणे, "सातव्यानंतर टक् होते, तो आवाज ऐकला काय? ती शांतता नाही, काही तरी जोडलं हाय."
मी सांगितलं, ती शांतता मुद्दाम आहे, तीच तर कला आहे. तो म्हणे, "असन बापा."

प्र.चे वडील अन् काका बँड पार्टीत. लग्नाच्या सीझनमध्ये प्र. ड्रम वाजवतो, चौदा एप्रिलला मिरवणुकीत पण. हात चांगला आहे. पण रॉक म्हणजे वरात नाही ना.

२१ जानेवारी २००१
प्र.ला सायकलवर डबल सीट घेऊन फुलचूरला घरी आणलं. रस्ताभर मागे बसून माझ्या पाठीवर बोटांनी 'पंप'चा ठेका. "पाहा, इथं तो घाई करते. इथं. इथं पण." तीन किलोमीटर पाठ बडवली, पण खरं सांगतो, घाई मला पाठीत समजली. कानात नव्हती समजली.

घरी बाबूजींनी विचारलं, पूर्ण नाव काय? प्र.ने सांगितलं, प्रमोद हिरामण रामटेके. बाबूजी "अच्छा" म्हणाले अन् धान पाहायला गेले. एरवी माझ्या मित्रांशी तासभर बोलतात. काय झालं काय माहीत. असेल काम.

४ नोव्हेंबर २००१
बी.एस्सी. झाली, डी.एड.ला नंबर लागला. तरी शनिवारचं बाक सोडत नाही. मुद्दा आता पुरता तयार आहे. त्याला नाव पण दिलं: 'सावली सोडणं'. प्र. सोडून सगळ्यांना पटला. तो आपलं एकच धरून बसला आहे, हा माणूस तो नाही. मी विचारलं, मग कोण आहे? म्हणे, "मले काय माहीत. हात वेगळा हाय, एवढंच सांगून राहिलो."

हेकट नंबर एक.

९ मार्च २००२, शनि.
लिहू की नको. लिहितो.

नागपूरचा एक जण आला होता बाकावर. केस लांब, बॅगेत मासिकं, दोनदा मुंबईला जाऊन शो पाहून आलेला. मी त्याला 'सावली सोडणं' सांगितलं. अर्धा तास. तो मान हलवत होता, म्हणे यार, यह तो लिखना चाहिए. माझी छाती अशी फुगली. तेवढ्यात प्र. म्हणे, "ते शेवटचे तीन या बँडचे नाहीतच. दुसराच बँड हाय." नागपूरवाला हसला, मला विचारलं, ये कौन?

डोकं फिरलं. मी म्हटलं, "वरातीत ड्रम बडवणाऱ्यानं मला रॉक शिकवू नये. तुमचं काम बडवायचं. ऐकायचं काम आमचं."

कोणी हसलं नाही. भाईने डेक बंद केला. प्र.ने चहाचा ग्लास खाली ठेवला, अर्धा होता. सायकल घेतली अन् गेला.

तुमचं म्हणजे बँडवाल्यांचं. आणखी कशाचं?

१६ मार्च २००२, शनि.
प्र. आला नाही.

२३ मार्च २००२, शनि.
नाही आला. भाई मला आडनावानेच हाक मारतो. म्हणे, "पटले, जाके बोल आ उसको." मी म्हटलं, काय बोलू? गाण्यावरून भांडलो, माणसं भांडतात. भाई कॅसेट पुसत बसला.

१४ एप्रिल २००२
मिरवणूक पाहायला गेलो. मुद्दाम गेलो, खोटं कशाला लिहू. प्र. दुसऱ्या रांगेत, निळा शर्ट, गळ्यात ड्रम. काय वाजवत होता! अंगावर काटा आला. माझ्या समोरून गेला. मी हात वर केला. त्याने पाहिलं अन् माझ्या मागच्या खांबाकडे पाहिल्यासारखं पाहिलं.

मी जातीवरून नाही बोललो. माझ्या मनात तसं नव्हतंच. नव्हतं ना? त्याच्या घरी मी जेवलेलो आहे. चार वेळा.

मग त्याला एवढं काऊन लागलं, तेच समजून नाही राहिलं.

३० जून २००३
शिक्षणसेवक म्हणून चिचगडला रुजू. खोली मिळाली. सामान: एक गादी, स्टोव्ह, टेप, अकरा कॅसेटा. लाईट दिवसातून दोनदा जाते, टेप सेलवर चालवतो. हेडमास्तर म्हणाले, गुरुजी, हे गाणं आहे का गिरणी.

८ एप्रिल २००४
मोहफुलं सुरू आहेत, वर्गात सात पोरं. बाकीची जंगलात, वेचायला. रिकामा बसलो की 'लांबडं' लावतो. आता लांबडं नाही वाटत. आधी जे रागाचं वाटायचं ते आता कोणी तरी घरी एकटा बसून बोलल्यासारखं वाटते. तेच गाणं आहे, तीच कॅसेट. काय बदललं?

प्र.ला सांगावंसं वाटलं. मग आठवलं, बोलणं बंद आहे.

१७ डिसेंबर २००५
कॅसेट अडकली. टेपने दोन हात रीळ गिळली. पेन्सिल घालून अर्धा तास गुंडाळली. 'खोकला'मध्ये आता एक जागा लडखडते. रडू यायचं बाकी होतं. माझ्या लग्नाच्या बोलणीला मी एवढा घाबरलो नव्हतो.

११ मे २००६
गोंदियाला गेलो तर भाईने सांगितलं, प्र.चं लग्न झालं. बोदलकसाच्या तलावावर नोकरी पण लागली, कालव्याचं गेट उघडायचं-बंद करायचं काम. बाकावरच्या सगळ्यांना पत्रिका होती. मला नाही. भाईने विषय बदलला, म्हणे आजकल सब मोबाईल में गाना लेते हैं.

माझ्या लग्नात मी त्याला बोलावलं नव्हतं, हे बरोबर आहे. पण मला वाटलं होतं तो येणार नाही म्हणून. आता तो काय विचार करून बसला असेल? दोघं एकच विचार करून बसलो असू, तर दोघंही गाढव.

२२ फेब्रुवारी २००९
देवरीच्या सायबर कॅफेत. नेटवर एक जागा सापडली, जगभरातले असलेच वेडे तिथे रात्रंदिवस भांडतात, कोणी कोणाचं उचललं यावर. अख्खं बाकच, फक्त मोठं! ब्लॅक मिल रोडवर शेकड्यांनी पानं. 'सॉल्ट मंडे'वर पाच-सहा ओळी. 'फसलेला प्रयत्न', 'विसरा'. फसलेला! डोक्यात तिडीक गेली.

लिहितो. आता लिहितोच.

५ एप्रिल २००९
पाच रविवार लागले. डिक्शनरी घेऊन इंग्रजीत अडीच पानं. 'सावली सोडणं'चा पूर्ण मुद्दा: सात गाणी, शांतता, तीन गाणी. ड्रमची घाई पण घातली, ती पाठीत समजलेली. ते प्र.चं होतं. नाव कोणाचं लिहायचं कळेना, 'माझा एक मित्र' लिहिलं. आज टाकलं.

१२ एप्रिल २००९
उत्तरं आली! एकाने लिहिलं, इतक्या प्रेमाने या आल्बमवर कोणी लिहिलं नव्हतं. मंगलाला वाचून दाखवलं. बायको म्हणे, "अहो, तुम्ही इंग्रजीत इतकं लिहिता, मग घरी अर्ज मी काऊन लिहिते?"

खाली आणखी एकाने विचारलं आहे: कोणती तीन गाणी? आल्बममध्ये सातच आहेत.

मी लिहिलं, आपली कॅसेट खराब असावी, कृपया तपासा.

१९ एप्रिल २००९
तो माणूस सोडून नाही राहिला. मी पण नाही. मी लिहिलं, मी नऊ वर्षं ऐकतो आहे. त्याने लिहिलं, मी आल्बम निघाला त्या आठवड्यापासून. तिसऱ्याने कव्हरचा फोटो टाकला. मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. खाली अडतीस मिनिटं.

पुन्हा मोजली. कॅफेवाला म्हणे, सर, टाइम हो गया.

सात.

२० एप्रिल २००९
शाळेत फळ्यावर बेरीज चुकवली. पोरांनी सांगितलं.

२६ एप्रिल २००९
भाईकडे गेलो. दुकानात आता मोबाईलची कव्हरं अन् रिचार्ज. डेक नाही, बाक पण नाही, तिथे कोणाची तरी गाडी उभी.

विचारलं, भाई, 'पेपर फर्नेस ३' भरली तेव्हा काय केलं होतं?
"क्या किया होगा? भर दिया."
"माल अडतीस मिनिटांचा होता. कॅसेट साठची."
"तो? बाकी रील खाली छोड़ता? खाली छोड़ो तो ग्राहक आके गाली देता था, कि पूरा भरा नहीं. जो दूसरे डेक में लगा रहता, वही डाल देता था. सबको डालता था."
"दुसऱ्या डेकमध्ये काय लागलं होतं?"
हसला. "बेटा, मेरे को कल का याद नहीं."

म्हणजे पंप, खोकला, लांबडं कोणाचे, देवच जाणे. टक् म्हणजे भाईचं बटण. मी ज्याला कला म्हणत होतो ते भाईचं बटण!

म्हटलं जुन्या कॅसेटा कुठे आहेत, सगळ्या ऐकतो. म्हणे, धानवाल्या लोकांना दिल्या, पाखरं हाकलायला रीळ बांधतात ना बांधीवर, वाऱ्यात गूं करते. "तेरे बाबूजी भी एक थैला ले गये थे."

घरी येऊन बाबूजींना विचारलं. हो, म्हणाले, दोन हंगाम चालली, मस्त चमकते. पाखरू फिरकलं नाही.

३ मे २००९
डोक्याची पार मंडई झाली आहे. एकेक करून लिहितो.

आल्बम खरंच फसलेला आहे. नेटवाले बरोबर. फक्त गोंदियात तो थोर आहे, कारण गोंदियात त्याला तीन गाणी जास्त आहेत.

बँडने सावली वगैरे काही सोडली नाही. माझा मुद्दा भाईने बनवला, रीळ वाया जाऊ नये म्हणून.

मला जे नऊ वर्षं आवडलं ते कोणाचं आहे माहीत नाही. तरी आवडते. काल पण ऐकलं. हे कोणत्या खान्यात टाकायचं?

अन् प्र. बरोबर होता. पहिल्या दिवसापासून. ड्रमर दुसरा होता.

१४ जून २००९
नेटवर कबुली लिहिली. लोक हसले, पण चांगले हसले. म्हणतात ती तीन गाणी ऐकवा, आम्ही ओळखतो. कॅसेटवरून नेटवर कसं चढवायचं ते कॅफेवाल्याला पण येत नाही. एकाने विचारलं, तुमच्या त्या मित्राने ओळखलं होतं का? हो लिहिलं. मग त्याला सांगितलंत का?

कॅफेचे पैसे दिले अन् निघालो.

९ ऑगस्ट २००९
प्र.ला पत्र लिहायला बसलो. 'ड्रमरबद्दल तुझं बरोबर होतं.' एवढं एका दमात आलं. पुढे पेन चालेना. फाडलं.

१८ ऑक्टोबर २००९
मंगलाने विचारलं, गाण्यापायी एवढं तोंड पाडून काय बसता? सगळं सांगितलं. पंप, टक्, भाई, रीळ. ती हसून हसून बेजार. मग म्हणे, "मग तुमचा तो मित्र बोलत काऊन नाही? गाण्यावरून कोणी सात वर्षं तोंड फिरवते काय? तुम्ही त्याले काय म्हटलं होतं, ते सांगा."

सांगितलं. शब्दाला शब्द.

तिचं हसणं बंद झालं. तांदूळ निवडत होती, सूप खाली ठेवलं. "तुम्ही हे बोलले?"
म्हटलं, बँडवाल्यांना बोललो.
"त्याचे बाबा बँडवाले कायले झाले, ते काय तुम्हाले माहीत नाही? चौकात, दहा लोकाईच्या समोर, 'तुमचं काम' अन् 'आमचं काम'. माझ्या माहेरी गडीमाणसाले असंच बोलते. मी लहानपणापासून ऐकून आहो. मले नका सांगू त्याचा अर्थ."

उठून आत गेली. मी तिथेच.

१९ ऑक्टोबर २००९
जुनी वही काढली. ९ मार्च २००२. खाली मीच लिहिलं आहे, 'तुमचं म्हणजे बँडवाल्यांचं. आणखी कशाचं?' कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला कोणीच विचारलं नव्हतं, मग मी उत्तर कोणाला देत होतो?

२४ जानेवारी २०१०
आज बोदलकसा. मोटारसायकलने तिरोड्यावरून. जाताना तीनदा वाटलं परत फिरावं, एकदा फिरलो पण.

प्र. तलावाच्या पाळीवर गेटजवळ उभा, स्वेटर, डोक्याला मफलर. जाड झाला आहे. मला पाहिलं, ओळखलं, जागचा हलला नाही. "काऊन आला?"
म्हटलं, सांगायला आलो. ड्रमर दुसराच होता. भाईने रीळ भरायला दुसऱ्याच बँडची गाणी टाकली होती. तुझं बरोबर होतं.
"ते मले माहीत होतं." गेटच्या चाकाला ग्रीस लावत होता, लावत राहिला. "हेच सांगायले आला, चिचगडवरून?"
"हो."
"बरं. सांगितलं."

पाण्यात बदकं होती. मी बदकांकडे पाहत बसलो, मोठा पक्षीनिरीक्षक असल्यासारखा. मग त्यानेच विचारलं, हात पुसत. "योगू, एक सांग. तेच जर तो नागपूरवाला म्हटला असता, की हा बँड दुसरा हाय, तर तू काय केलं असतं?"

उत्तर लगेच आलं, तोच तर प्रॉब्लेम. "रिवाइंड करून पुन्हा ऐकलं असतं."
"हं," म्हणे. "माझ्यासाठी एकदा नाही केलं."

म्हटलं, माझं चुकलं.
"काय चुकलं?"
"तेव्हा बोललो ते."
"काय बोलला? बोल ना पूर्ण. मी आठ वर्षं घेऊन फिरून राहिलो, माझं पाठ हाय. तुझं पाहू."
मी सुरू केलं. 'वरातीत' आलं. 'बडवणाऱ्यानं' आलं. 'तुमचं काम' पाशी जीभ टाळूला चिकटली. चौकात कशी धडधडा आली होती!

तो थांबला. मग खालून कालव्यावरच्या शेतकऱ्याने आवाज दिला, पाणी सोडा म्हणून. तो गेटकडे गेला. चाक फिरवताना डाव्या हाताने फिरवतो. मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं बाजूला बसून मी हा माणूस डावखुरा आहे हे पाहिलंच नव्हतं.

मी वाट पाहिली. तो परत आला नाही, पलीकडच्या गेटवर गेला.

२७ जानेवारी २०१०
मंगला काही विचारत नाही. जेवायला वाढते. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

३१ जानेवारी २०१०
त्याने माफ करावं म्हणून गेलो होतो, की मी बरा माणूस आहे हे त्याच्याकडून लिहून घ्यायला? दोन्ही वेगळं आहे ना? की नाही? काहीच धड समजून नाही राहिलं. एवढं समजते की ते वाक्य अजून माझ्याकडेच आहे, तोंडात, अर्धं.

६ फेब्रुवारी २०१०
भाईला फोन करून प्र.चा नंबर घेतला. भाई म्हणे, इतनी देर क्यूँ लगा दी. दिला.

८ फेब्रुवारी २०१०
मधल्या सुट्टीत शाळेच्या टाकीजवळ गेलो, रेंज तिथेच येते. लावला. चौथ्या रिंगला उचलला. "कोण?"
"योगराज."
मागे पाण्याचा आवाज.

म्हटलं, प्रमोद, मी पूर्ण बोलतो. अन् बोललो. वरातीत ड्रम बडवणाऱ्यानं मला रॉक शिकवू नये, तुमचं काम बडवायचं, ऐकायचं काम आमचं. टाकीवर पाणी भरणाऱ्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. पाहू दे. मग म्हटलं, 'तुमचं' म्हणजे बँडवाल्यांचं नव्हतं. तुला जे समजलं तेच होतं. मला पण तेव्हाच माहीत होतं. वहीत मी खोटं लिहिलं.

संपलं. माझ्याकडे पुढचं वाक्यच नव्हतं. घंटा झाली, पोरं वर्गात पळाली, मी कानाला फोन लावून उभा. तिकडून एक शब्द नाही. कट झाला असेल म्हणून पाहिलं, तर सेकंद चालूच होते.

"हॅलो?" म्हटलं. "प्रमोद?"

"ऐकून राहिलो," तो म्हणाला. "बोल."